मद्यगृह आणि शस्त्रबंदी : टूमस्टोनचा इ. स. १८८१ चा निर्बंध

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील मद्यगृहांत जो तो कमरेस पिस्तूल लावून बसे व त्यास कोणी हटकीत नसे, अशी समजूत कादंबऱ्या व चित्रपट यांनीं रूढ केली आहे. अस्सल कागद निराळें सांगतात.

न्यू मेक्सिको प्रांताच्या इ. स. १८५२–५३ मधील कायद्यानें नृत्यसमारंभांत व त्यास लागून असलेल्या मद्यविक्रीच्या दालनांत, उघड वा लपविलेलें, कोणतेंही शस्त्र नेण्यास मनाई केली. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरानें १८७० त मद्यगृहांस तशीच बंदी लागू केली. ओक्लाहोमा प्रांतानें १८९० त मादक पेयें विकलीं जाणारें प्रत्येक स्थळ निषिद्ध स्थळांत घातलें.

अ‍ॅरिझोना प्रांतांतील टूमस्टोन या खाणींच्या गांवचा निर्बंध क्रमांक ९ (१९ एप्रिल १८८१) याहून व्यापक होता. त्याची बंदी मद्यगृहापुरती नसून सबंध गांवाच्या हद्दीस लागू होती. मात्र गांवांत येणारा वा गांव सोडणारा इसम शस्त्र ठेवण्यास किंवा परत घेण्यास वाजवी वेळांत, प्रामाणिकपणें जात असेल, तर दुसऱ्या कलमानें त्यास सूट होती. शस्त्र ठेवावयाचें कोठें? २६ ऑक्टोबर १८८१ रोजीं टॉम मॅक्लॉरी यानें आपलें पिस्तूल कॅपिटल मद्यगृहांत ठेवलें, असें साक्षींत आलें आहे. म्हणजे जेथें शस्त्राची धास्ती अधिक, तेथेंच त्याची ठेव राही.

त्याच दिवशीं, आदली रात्र मद्य व पत्ते यांत घालविलेला आइक क्लँटन सशस्त्र हिंडतांना पकडला गेला; त्यास २५ डॉलर दंड झाला. दुपारीं मार्शल व्हर्जिल अर्प इतरांचीं शस्त्रें काढून घेण्यास निघाला. ओ. के. कोरलनजीक झालेल्या चकमकींत टॉम, त्याचा भाऊ फ्रँक व बिली क्लँटन ठार झाले. टॉमजवळ त्या वेळीं दुसरें गुप्त शस्त्र होतें किंवा नाहीं, याविषयीं साक्षींचा मेळ बसत नाहीं.

या साक्षींच्या कागदांची कथा संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. न्यायाधीश स्पायसर यांच्यापुढील चौकशीची मूळ प्रत गहाळ असून, १९३० नंतरच्या दशकांतील संक्षिप्त टंकलिखित नक्कल व तत्कालीन वृत्तपत्रें यांवरच भिस्त आहे. कॉरोनरच्या चौकशीचें मूळ हस्तलिखित १९६० नंतरच्या दशकांत छायाप्रत निघाल्यावर दिसेनासें झालें. तें २०१० त बिस्बी येथील जुन्या तुरुंगाच्या कोठींत, एका खोक्यांत सांपडलें.

हा केवळ जुन्या कागदांचा नाद नव्हे. २००९ त अ‍ॅरिझोनानें परवानाधारकास, तो मद्य घेणार नसल्यास व मालकाचा मनाईचा फलक नसल्यास, गुप्त पिस्तुलासह मद्यगृहांत जाण्याची मुभा दिली. पुढें २०२२ त ब्रुएन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, शस्त्रनिर्बंध राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशीं जुळला पाहिजे. त्यानुसार २०२४ त नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयानें हवाई व कॅलिफोर्निया येथील मद्यगृहांतील शस्त्रबंदीविरुद्धचे मनाईहुकूम उठविले. आधार घेतला तो वर सांगितलेल्या न्यू मेक्सिको, सॅन अँटोनिओ व ओक्लाहोमा यांसारख्या कायद्यांचा.

तात्पर्य, एखाद्या लहानशा नगरपालिकेचा जीर्ण ठरावही दीडशें वर्षांनीं न्यायासनापुढें पुरावा म्हणून उभा राहूं शकतो. असा कागद हरवला तर परंपराच नव्हती असें म्हणण्यास वाव मिळतो. म्हणून तो जपून ठेवणें व त्यांतील शब्द जसाच्या तसा वाचणें, हीं दोन्ही कामें सारखींच महत्त्वाचीं होत.