उधारी कोणाची?

16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारी इतमामाने एक सत्कार झाला. मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्याबद्दल जोतीराव फुल्यांना मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देण्यात आली. ज्या वाड्यात दुसरा बाजीराव राहत असे आणि पुढे ज्यात सुरुवातीला फक्त ब्राह्मण मुलांसाठी संस्कृत पाठशाळा चालली, त्याच वाड्यात पंचविशीतल्या एका माळ्याच्या खांद्यावर सरकारची शाल पडली. पुणे हे सत्कारांचे शहर आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मग ‘सत्काराला उत्तर’ हा क्रम इथे इतका मुरलेला आहे की त्याचाही इतिहास असू शकतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या इतिहासातला एकच धागा इथे घ्यायचा आहे. मान मिळालेली बाई व्यासपीठावर उभी राहून ‘आम्ही बायका’ म्हणते, तेव्हा त्या ‘आम्ही’त कोण बसते आणि कोण दाराबाहेर उभे राहते?

हा प्रश्न जगभर गाजला तो 22 फेब्रुवारी 2015 च्या रात्री. ‘बॉयहूड’मधल्या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर घेताना पॅट्रिशिया आर्केट यांनी मुलांना जन्म देणाऱ्या बायकांचे नाव घेऊन अमेरिकेतल्या बायकांसाठी समान वेतनाची मागणी केली आणि सभागृहाने ती डोक्यावर घेतली. वाद पेटला तो पुढच्या काही मिनिटांत. पडद्यामागे पत्रकारांशी बोलताना त्यांनी सुचवले की ज्या समलिंगी आणि गोऱ्या नसलेल्या लोकांसाठी आम्ही लढलो, त्यांनी आता आमच्यासाठी लढायला हवे. मग काळ्या बाईने कोणत्या रांगेत उभे राहायचे, असे अनेकींनी तिथल्या तिथे विचारले, आणि ते योग्यच होते. पण त्या वाक्यात आणखी एक गोष्ट दडली होती, तिच्याकडे कमी लोकांचे लक्ष गेले. ती होती उधारीची वही. आम्ही आधी दिले, तुमच्याकडे बाकी आहे, आता फेडा. हे विधान भावनेचे नाही, इतिहासाचे आहे. म्हणजे ते तपासून पाहता येते. अमेरिकेची वही अमेरिकेने तपासावी. पुण्याची वही मात्र आपल्यासमोर उघडी आहे आणि तिच्यात जमाखर्च भलताच निघतो.

1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्या सहा मुलींपैकी चार ब्राह्मण होत्या, एक मराठा आणि एक धनगर. शिकवणारी सावित्रीबाई, जोतीरावांची पत्नी, जातीने माळी. शेण आणि चिखल अंगावर घेत ती शाळेत जाई आणि बदलायला एक जादा लुगडे बरोबर ठेवी, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. मात्र ते लुगडे ज्या वर्गासाठी खराब होत होते, त्या वर्गात बहुसंख्य मुली कोणाच्या होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. 1863 मध्ये फुले दांपत्याने आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण वस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर त्याच्या जाहिराती चिकटवल्या होत्या: विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे. 1884 मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवले की तोवर पस्तीस गरोदर विधवा त्या घरात येऊन गेल्या होत्या. त्यांची बाळंतपणे, त्यांची आणि त्यांच्या बाळांची देखभाल सावित्रीबाईंनी केली. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, फुल्यांनी दत्तक घेतला. एका माळ्याच्या घराने वरच्या जातीच्या बाईसाठी आपला ओटा आणि आपले नाव पणाला लावले.

वहीतली पुढची नोंद 1882 ची. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. पुस्तकाचे निमित्त होते सुरतच्या विजयालक्ष्मीचे. ती तरुण ब्राह्मण विधवा होती आणि स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याबद्दल कोर्टाने तिला 1881 मध्ये आधी फाशी ठोठावली होती. दुसऱ्या जातीची, दुसऱ्या मुलखातली, कधी डोळ्यांनी न पाहिलेली ती बाई. आणि तिच्यासाठी एक मराठा बाई साऱ्या पुरुषजातीला कोर्टात खेचल्यासारखी लिहिते. टीका इतकी झाली की पुढे ताराबाईंनी पुस्तक लिहिलेले दिसत नाही. जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, एवढाच काय तो त्यांना मिळालेला सत्कार.

वहीला दुसरी बाजू नाही असे मला म्हणायचे नाही. भिडेवाडा देणारे तात्यासाहेब भिडे ब्राह्मण होते, फुल्यांचे सोबती सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हेही ब्राह्मणच. त्यांचे ऋण नाकारणे कोतेपणाचे होईल. पण ‘आम्ही तुमच्यासाठी लढलो’ हे वाक्य पुण्यात जर कोणाला शोभले असते, तर ते सावित्रीबाईंना किंवा ताराबाईंना. त्या दोघींनीही ते कधी उच्चारल्याची नोंद नाही. उधारी मागायची सवय ज्यांना असते, त्यांचा अनेकदा पैसाच गुंतलेला नसतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. त्या काळातल्या ब्राह्मण बाईला विशेषाधिकार कसला? आठव्या-नवव्या वर्षी लग्न, नवरा मेला की केशवपन, अलवण, एक वेळचे जेवण आणि सासरच्या माजघरात उरलेला जन्म. रमाबाई रानड्यांनी मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरासमोर इंग्रजीत निवेदन वाचले, तर घरातल्याच बायकांनी त्यांना टोचून टोचून नको केले. खुद्द न्यायमूर्ती रानड्यांच्या घरची ही कथा. मग इतरांची काय असेल? आक्षेप मान्य. तरी विशेषाधिकार म्हणजे सुख नव्हे. आपले दुःख जगाच्या कानावर घालता येणे हाही विशेषाधिकारच असतो, आणि हे ज्या बाईने ओळखले तिने पुण्यातच काम केले. पंडिता रमाबाई 1882 मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि 1887 मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच्या नावातच त्यांनी ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ म्हटले. नुसते ‘हिंदू स्त्री’ म्हटले असते तर अमेरिकन वाचक हरकत घेणार नव्हते. त्यांना फरक कळलाही नसता. रमाबाईंनी स्वतःहून कुंपण आखले: मी सांगते आहे ते एवढ्याच बायकांचे. आपल्या इतिहासात इतका प्रामाणिक मथळा क्वचितच सापडेल. त्या पुस्तकाच्या जोरावर बोस्टनमध्ये मंडळ उभे राहिले, पैसा आला आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघून पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथे उच्चवर्णीय विधवांना आपले सोवळेओवळे पाळायची मुभा होती. धर्मांतराच्या आरोपावरून पुढे पुण्यात केवढे काहूर माजले ते सर्वश्रुत आहे. कमी सांगितले जाते ते 1896-97 च्या दुष्काळानंतरचे. मध्य प्रांतातून उपाशी मुलींचे तांडेच्या तांडे रमाबाईंनी केडगावला आणले, आणि उच्चवर्णीयांसाठी काढलेल्या कामाचे ‘मुक्ती’ झाले. तिथे जात विचारून दार उघडत नव्हते. आधी कुंपणाला नाव दिले होते म्हणूनच ते ओलांडायचे केव्हा, हे त्यांना कळले, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा आणि जास्त आळशी आहे: जात आणि लिंग एकत्र मोजायचे हे खूळ अमेरिकेतल्या विद्यापीठांतून आले, आपल्या बायकांत ही फूट नव्हती. 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 या ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत मांग आणि महार लोकांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग जातीची, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. ज्या वेदांवर आम्हाला नजर टाकायचीही बंदी आहे ते आमचा धर्म कसे, असा तिचा रोकडा सवाल आहे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या महार-मांगाचे गुलटेकडीच्या मैदानात काय होई, तेही ती लिहिते. आणि मग ती बाळंतपणावर येते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात आणि पावसात त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून जाणा, असे ती वाचणाऱ्याला बजावते. वैद्याला द्यायला पैसा कुठला, हेही विचारते. मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. बाळंतपण बाईपणातली सर्वांत समान गोष्ट, असे आपण धरून चालतो. आर्केट यांनीही भाषणात पहिला आधार घेतला तो मुलांना जन्म देणाऱ्या बायकांचाच. मुक्ता नेमका तिथेच बोट ठेवते आणि दाखवते की कळा सारख्या असतील, डोक्यावरचे छप्पर सारखे नाही. हे तिला कोणत्या परदेशी ग्रंथाने शिकवले असेल? शाळेत जाऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती.

अमेरिकेत कातडीचा रंग लांबून दिसतो, इथे आडनाव, पेठ आणि बोलण्यातला ‘न’-‘ण’ ऐकावा लागतो, एवढा फरक जरूर आहे. एके काळी तोही नव्हता. 1927 च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळल्यावर डॉ. आंबेडकरांनी बायकांची वेगळी सभा घेतली आणि जात ओळखू येईल अशी लुगडे नेसायची पद्धत आणि दागिने सोडून द्या म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी बायका घोळदार लुगडी नेसून आल्या. त्याच वर्षी, जानेवारी महिन्यात, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई, विषय मुलींचे शिक्षण. पुढची दोन अध्यक्षपदे भोपाळच्या बेगम आणि मंडीच्या राणी यांच्याकडे गेली. या बायकांनी केलेले काम मोठे होते. बालविवाहाविरुद्धच्या कायद्यासाठी त्यांनी कंबर कसली. चिमणाबाई तर ब्राह्मणही नव्हत्या, म्हणजे हे सगळे एका जातीच्या माथी मारण्याचे कारण नाही. तरी मार्च 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी माणसे डोकी फोडून घेत होती आणि जानेवारीतली परिषद ‘भारतीय स्त्री’च्या नावाने भरली होती, हे एकाच वर्षाच्या पंचांगात शेजारीशेजारी वाचले की ‘भारतीय स्त्री’ हा शब्द किती ऐसपैस आणि किती अरुंद होता ते कळते.

फूट कोण पाडते, या आक्षेपाचे उत्तर याच परिषदेच्या नागपूर अधिवेशनाने 1937 च्या डिसेंबरात देऊन टाकले. जाईबाई चौधरी आणि त्यांच्या सोबतच्या दलित प्रतिनिधींना जेवायला वेगळे बसवण्यात आले. मराठीत याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. 1 जानेवारी 1938 रोजी दलित बायकांनी निषेधाची सभा घेतली. फूट त्या सभेने पडली असे म्हणणाऱ्याने आधी पंगतीचे पाट कोणी मांडले ते सांगावे. 20 जुलै 1942 ला त्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिथल्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क आणि एकपत्नीत्वाचा कायदा होता, तसेच गिरण्यांत, विडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना हक्काची रजा आणि पेन्शन मिळावी अशी मागणीही होती. यातले पहिले दोन ठराव सगळ्याच जातींच्या हिंदू बायकांच्या उपयोगाचे होते. वही पुन्हा उलट्या बाजूने भरली.

बक्षीस घ्यायला उभी राहिलेली बाई दीड मिनिटात हा सगळा जमाखर्च कसा मांडणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आभाराच्या भाषणाकडून प्रबंधाची अपेक्षा करू नये, आणि एखादीचा एक शब्द चुकला म्हणून तिला आयुष्यभर धुऊन काढण्यातही शहाणपण नाही. तिने मागितलेले समान वेतन रास्तच होते. मागणी करायला मुभा आहे. वसुली करायला मात्र पावती लागते. पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी 1998 च्या आपल्या गाजलेल्या लेखात उच्चवर्णीय स्त्रीवाद्यांना हेच सुचवले होते, की दलित स्त्रियांच्या वतीने बोलण्याऐवजी त्यांच्या जागेवरून जग पाहायला शिकावे आणि स्वतःची जागा नव्याने घडवावी. रेगे स्वतः ते शिकत गेल्या, हे त्यांच्या नंतरच्या पुस्तकांत दिसते.

व्यासपीठे मात्र सावकाश शिकतात. मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात 1878 मध्ये पुण्यातच झाली. 2025 च्या दिल्लीतल्या संमेलनापर्यंत 98 संमेलने भरली, त्यांत सहा स्त्रिया अध्यक्ष झाल्या. त्यांत दलित स्त्री एकही नाही. आणि जिने या सगळ्याच्या कितीतरी आधी घरावरच्या नसलेल्या छपराविषयी लिहिले, त्या मुक्ता साळवेच्या हातचे ‘ज्ञानोदय’मधल्या त्या निबंधाखेरीज दुसरे काहीही आज उपलब्ध नाही.