शेवयांतला कोंडा

वसंत ऋतूत पुणेकरांच्या घरी पूर्वी दोन गोष्टी हटकून चालत : दुपारी गच्चीवर शेवया आणि संध्याकाळी व्याख्यान. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेल्या व्याख्यानमालेचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. शेवयांचा फारसा कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही तो घेतला. निमित्त ताजे आहे. मधुमेहाच्या धास्तीने घरोघर मैद्यावर बहिष्कार पडला आहे, दुकानांतून कोंड्यासकट गव्हाचा पास्ता आला आहे, आणि तो ताटात पडला की मुले नाक मुरडतात. मग कोणी वडीलधारे म्हणतात, "आमच्या आजीच्या शेवया पाहा, अख्ख्या गव्हाच्या आणि तरी किती चवदार!" या वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध मात्र तपासून पाहिला पाहिजे.

आजी काय करीत असे? गहू धुऊन ओलसर फडक्यात बांधून ठेवी, मग जात्यावर दळी, आणि ते पीठ बारीक चाळणीने किंवा वस्त्रगाळ करून सपीठ काढी. गहू ओलवण्याचे कारणच हे की साल चिवट होऊन तिचा भुगा होऊ नये आणि कोंडा सहज वेगळा निघावा. म्हणजे पाटावर वळून काठीवर वाळत घातलेली ती शुभ्र शेवई कोंडा काढूनच झालेली असे. ही रीत नवीनही नव्हे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'सेविका' आली आहे, ती समितेची, म्हणजे मैद्याची. तिचे जवासारखे बारीक तुकडे वाळवून दुधात शिजवावेत, तूप-साखर घालून खावेत, असे तिथे सांगितले आहे. हे वर्णन वाचताना आम्हांला लग्नघरातले गव्हलेच आठवले.

पास्त्याचेही असेच. अल-इद्रीसीने ११५४ साली सिसिलीतल्या त्राबिया गावची वाळवलेली, गलबतांतून दूरवर जाणारी शेवई नोंदवली आहे, आणि इटलीने १९६७ साली कायदाच केला की सुका पास्ता कठीण डुरम गव्हाच्या रव्याचा असावा. तो रवाही सामान्यतः कोंडा काढलेलाच.

यामागे निव्वळ पांढऱ्या रंगाची हौस नव्हती, असे आम्हांला वाटते. गव्हाच्या अंकुरात आणि कोंड्यात तेल असते आणि ते उष्ण हवेत खवट होते. वर्षभर डब्यात राहायच्या पदार्थाला ते कसे चालावे? शिवाय कोंड्याचे कण पिठाचा चिकटपणा तोडतात, मग तार ओढता ओढताच तुटते. तेव्हा अख्ख्या गव्हाची शेवई ही आजीकडे परत जाणे नसून आजीने न केलेले काम आहे, हे एकदा मान्य करावे.

त्यासाठी धान्य मात्र आपल्याजवळ आहे. दख्खनचा बन्सी हा डुरमच. खपली, म्हणजे जोडगहू, त्याच्या पूर्वजांच्या कुळातला. त्याचे टरफल मळणीत सुटत नाही, कांडावे लागते. अमेरिकेत स्टॅकमन व लेव्हीन यांनी १९२२ साली तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला, त्यात आपली खपली 'खपली' याच नावाने बसली आहे! (तिच्यात ग्लुटेन नसते, असे कधीकधी कानी येते, ते खोटे आहे.) पुण्यात शं. पु. आघारकरांनी १९४६ साली उभारलेल्या विज्ञानवर्धिनीने, म्हणजे १९९२ पासूनच्या आघारकर संशोधन संस्थेने, खपलीचा एमएसीएस २९७१ आणि डुरमचा एमएसीएस ४०२८ हे वाण दिले. दुसऱ्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिने आहेत.

आता चवीचे. कोंड्याची किंचित कडसर चव दुधात उघडी पडते, म्हणून खिरीचा हट्ट आम्ही सोडला. तुपावर खमंग भाजून, मिठाच्या पाण्यात शिजवून निथळलेल्या शेवयांना मोहरी, कढीपत्ता, कांदा यांची फोडणी आणि वरून लिंबू दिले की तीच चव खमंगपणात मिसळून जाते. पीठ दोनदा दळावे, पाणी थोडे जास्त घालून तासभर मुरू द्यावे, आणि तार जाडच ठेवावी. पहिल्या खेपेस निम्मे सपीठ, पुढच्या खेपेस पाव. आणि वर्षाचा डबा भरू नये, महिन्याच्याच कराव्यात.