निवडणूक निधीविषयीचे दावे : आकडे कोठून येतात आणि ते कसे तपासले जातात

निवडणुकीच्या काळात राजकीय नेते पक्षनिधी, देणग्या आणि प्रचारखर्च यांविषयी अनेक दावे करतात. ‘आमच्या पक्षाला कमी मिळाले, विरोधकांना अधिक मिळाले’, ‘पैशाचा माग आता सापडतो’, ‘आम्ही मर्यादेतच खर्च केला’ ही विधाने सभा, मुलाखती आणि संसदेतील चर्चा यांत वारंवार ऐकू येतात. भारतात यांपैकी बऱ्याच दाव्यांची पडताळणी सार्वजनिक कागदपत्रांच्या आधारे करता येते. मात्र कोणता आकडा कोणत्या कायद्यान्वये, कोणत्या कालावधीसाठी आणि कोणी जाहीर केला, हे आधी निश्चित करावे लागते.

कागदपत्रे कोणती?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९ क नुसार राजकीय पक्षांना २० हजार रुपयांहून अधिक रकमेच्या देणग्यांचा वार्षिक अहवाल निवडणूक आयोगाला सादर करावा लागतो. याशिवाय पक्षांचे लेखापरीक्षित वार्षिक हिशेब आणि निवडणूक खर्चाची विवरणपत्रे आयोगाकडे जातात. उमेदवाराला कलम ७८ नुसार निकालानंतर ३० दिवसांत आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो.

येथे दोन आकड्यांची नेहमी गल्लत होते. २०१७ च्या वित्त कायद्याने पक्षांनी रोखीने स्वीकारावयाच्या देणगीची मर्यादा २ हजार रुपये केली. परंतु देणगीदाराचे नाव आयोगाला कळविण्याची मर्यादा २० हजार रुपयेच राहिली. त्यामुळे ‘दोन हजारांवरील प्रत्येक देणगीदार आता जाहीर होतो’ असे कोणी म्हटल्यास ते चूक ठरते. धनादेशाने १५ हजार रुपये देणाऱ्याचे नाव अहवालात असणे बंधनकारक नाही.

निवडणूक रोखे : दाव्यांची मोठी कसोटी

निवडणूक रोख्यांची घोषणा तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी १ फेब्रुवारी २०१७ रोजीच्या अर्थसंकल्पी भाषणात केली आणि २ जानेवारी २०१८ रोजी योजना अधिसूचित झाली. एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी रुपये अशा मूल्यांचे हे रोखे केवळ भारतीय स्टेट बँकेतून मिळत. त्यांची मुदत १५ दिवसांची होती आणि त्यांवर देणगीदाराचे नाव नसे.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरविली. मतदाराचा माहितीचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) (अ) चा भाग असून ही योजना त्याचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. १२ एप्रिल २०१९ पासूनचा तपशील आयोगाला देण्याचा आदेश स्टेट बँकेला देण्यात आला. ३० जूनपर्यंत मुदतवाढ मागणारा बँकेचा अर्ज ११ मार्च रोजी फेटाळण्यात आला. आयोगाने १४ मार्च रोजी याद्या प्रसिद्ध केल्या आणि रोख्यांचे क्रमांक २१ मार्च रोजी जाहीर झाले. देणगीदार आणि पक्ष यांची जोडी लावणे त्यानंतरच शक्य झाले.

दावा पहिला : ‘उरलेले १४ हजार कोटी कोठे गेले?’

केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी मार्च २०२४ मध्ये एका कार्यक्रमात सांगितले की, एकूण २० हजार कोटी रुपयांच्या रोख्यांपैकी भारतीय जनता पक्षाला सुमारे ६ हजार कोटी मिळाले. उरलेले १४ हजार कोटी विरोधकांकडे गेले.

आयोगाने प्रसिद्ध केलेल्या यादीत १२ एप्रिल २०१९ नंतर वटविलेल्या रोख्यांची रक्कम सुमारे १२,७६९ कोटी रुपये आहे. त्यात भाजपचा वाटा सुमारे ६,०६० कोटी, म्हणजे जवळपास ४७ टक्के. तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेसला १,४२१ कोटी आणि भारत राष्ट्र समितीला १,२१४ कोटी रुपये मिळाले. भाजपव्यतिरिक्त सर्व पक्षांची बेरीज सुमारे ६,७०० कोटी होते, १४ हजार कोटी नव्हे. २०१८ पासूनच्या सर्व ३० टप्प्यांतील विक्री धरली तरी एकूण आकडा सुमारे १६,५१८ कोटी रुपये येतो. म्हणजे २० हजार कोटींचा आकडा कोणत्याही कालावधीशी जुळत नाही. भाजपला मिळालेल्या ६ हजार कोटींचा आकडा मात्र २०१९ नंतरच्या यादीशी जुळतो.

याच दाव्यात खासदारांच्या संख्येनुसार निधीची तुलना करण्यात आली होती. परंतु रोखे पक्षाला मिळत, खासदाराला नव्हे. मोठ्या रकमा मिळविणाऱ्या पक्षांत राज्यांत सत्तेवर असलेले किंवा राहिलेले पक्ष होते. त्यामुळे हे प्रमाण फारसे काही सांगत नाही.

दावा दुसरा : ‘रोख्यांमुळेच पैशाचा माग सापडला’

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एप्रिल २०२४ मधील मुलाखतीत रोख्यांमुळे पैसा कोणी दिला आणि कोणाला मिळाला हे कळू शकले, असे प्रतिपादन केले. या विधानाचा एक भाग खरा आहे. खरेदी बँकेतून होत असल्याने आणि ग्राहकाची ओळख नोंदविली जात असल्याने नोंद अस्तित्वात होती. परंतु योजनेच्या तरतुदीनुसार ही माहिती गोपनीय होती आणि सक्षम न्यायालयाने मागितल्यास किंवा तपास यंत्रणेने फौजदारी गुन्हा नोंदविल्यासच ती उघड करता येत होती. मतदारांपर्यंत माहिती पोहोचली ती योजनेमुळे नव्हे, तर योजना रद्द करणाऱ्या निकालामुळे.

दावा तिसरा : ‘जगातील सर्वांत मोठी खंडणी’

काँग्रेस नेते राहुल गांधी यांनी रोखे योजनेला जगातील सर्वांत मोठे खंडणीचे जाळे म्हटले. प्रसिद्ध याद्यांत अशा काही कंपन्या आहेत, ज्यांच्यावर तपास यंत्रणांनी कारवाई केली होती आणि ज्यांनी त्यानंतर रोखे घेतले. तारखांचा हा क्रम कागदोपत्री तपासता येतो. मात्र एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली, हे यादीवरून सिद्ध होत नाही. विशेष तपास पथकाद्वारे चौकशी करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी मान्य केली नाही.

शिवाय रोख्यांचा लाभ एकाच बाजूला झालेला नाही. सर्वाधिक, म्हणजे १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेणाऱ्या फ्युचर गेमिंग या लॉटरी कंपनीच्या देणग्यांतील मोठा वाटा तृणमूल काँग्रेस आणि द्रविड मुन्नेत्र कळघम यांच्याकडे गेला. रोखे न स्वीकारल्याचा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा दावा याद्यांशी सुसंगत आहे. हा पक्ष योजनेविरुद्धच्या याचिकाकर्त्यांपैकीही एक होता.

दावा चौथा : ‘खर्च मर्यादेतच झाला’

जानेवारी २०२२ मधील सुधारणेनुसार लोकसभा उमेदवाराची खर्चमर्यादा मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि गोव्यासारख्या लहान राज्यांत ७५ लाख रुपये आहे. विधानसभेसाठी ती अनुक्रमे ४० लाख आणि २८ लाख आहे. राजकीय पक्षाच्या खर्चाला मात्र कमाल मर्यादा नाही. स्टार प्रचारकांचा प्रवासखर्चही ठरावीक अटींवर उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणून उमेदवाराचा दावा कायद्याच्या दृष्टीने खरा असला, तरी त्या मतदारसंघात झालेला सर्व खर्च त्यात आला असे मानता येत नाही.

महाराष्ट्रातील एक उदाहरण आजही दिले जाते. ज्येष्ठ भाजप नेते गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतील कार्यक्रमात २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ८ कोटी रुपये खर्च झाल्याचे म्हटले. त्यावेळची मर्यादा २५ लाख रुपये होती आणि त्यांनी दाखल केलेला हिशेब सुमारे १९ लाखांचा होता. आयोगाने त्यांना नोटीस बजावली. वाढत्या निवडणूक खर्चाकडे लक्ष वेधणे हा हेतू होता, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हिशेब चुकीचा आढळल्यास कलम १० अ नुसार तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांच्यावर २०११ मध्ये अशी कारवाई झाली होती. पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा खर्च त्यांनी दाखविला नव्हता.

पडताळणीत होणाऱ्या चुका

निधीविषयीचे दावे तपासताना तीन चुका प्रामुख्याने होतात. पहिली म्हणजे वेगवेगळ्या कालावधींचे आकडे एकत्र करणे. रोख्यांबाबत २०१८ पासूनचा आणि एप्रिल २०१९ पासूनचा असे दोन संच आहेत. एकातील एकूण रक्कम आणि दुसऱ्यातील पक्षाचा वाटा घेतल्यास टक्केवारी चुकते. दुसरी म्हणजे रोख्यांची रक्कम हाच पक्षाचा संपूर्ण निधी समजणे. निवडणूक न्यासांमार्फत आणि थेट मिळणाऱ्या देणग्या स्वतंत्र असतात. तिसरी चूक नावाच्या साम्याची. यादीत ‘हब पॉवर’ हे नाव दिसताच पाकिस्तानी कंपनीने रोखे घेतल्याचा दावा पसरला. त्या नावाच्या पाकिस्तानी कंपनीने आपला याच्याशी संबंध नसल्याचे स्पष्ट केले.

रोखे योजना संपली असली तरी देणग्यांचा ओघ धनादेश, बँक हस्तांतरण आणि निवडणूक न्यास यांच्या मार्गाने सुरू आहे. या देणग्यांचे वार्षिक अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. मात्र आर्थिक वर्ष संपल्यानंतर ते येत असल्याने, निवडणुकीच्या ऐन काळात मिळालेल्या निधीचा तपशील मतदाराला बहुधा मतदान झाल्यानंतरच पाहता येतो.