एका ठेक्याची वहिवाट

जमैकाच्या डान्सहॉल संगीतात गाणे आणि त्याखालचा ठेका या दोन स्वतंत्र मिळकती मानण्याची जी वहिवाट आहे, ती ध्यानी घेतल्यावाचून एकाच ठेक्यावर दहाबारा गायकांनी आपापली गाणी रचावीत आणि ती सर्व एका तबकडीत गोवली जावीत, या प्रघाताचा उलगडा होत नाही. ढोल आणि बास गिटार यांच्या त्या पायाला तेथे ‘रिडिम’ म्हणतात. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर जुन्या गाण्याची ‘चाल’ निःसंकोच नोंदविली जाई, तसाच हा व्यवहार. मात्र येथे उसनी घेतली जाते ती मुद्रित वाद्यसंगतच.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस निर्माता ड्यूक रीडच्या किंग्स्टनमधील स्टुडिओत पॅरागॉन्स या गायकवृंदाच्या एका गाण्याची प्रत काढताना तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज वगळला गेला. स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवूडने ती मुकी तबकडी आपल्या नृत्यसभेत वाजविली, तेव्हा श्रोतेच गाऊ लागले, आणि गाण्यावाचूनही ठेका स्वतंत्र उभा राहू शकतो हे दिसले. पुढे १९७४ मध्ये निर्माता रूपी एडवर्ड्सने ‘माय कॉन्व्हर्सेशन’ या एकाच गीताच्या ठेक्यावर ‘यामाहा स्कँक’ हा संपूर्ण संग्रह काढून या प्रघातावर जणू शिक्कामोर्तब केले.

खरी क्रांती १९८५ ची. नोएल डेव्ही या वादकाजवळच्या कॅसिओ एमटी-४० या लहानशा वाद्यात एक तयार ‘रॉक’ ठेका होता, जो हिरोको ओकुदा या जपानी तरुणीने बसविला होता (आणि तिने विद्यार्थिदशेत प्रबंध लिहिला होता तो रेग्यावर, हा योगायोग मोठा गमतीचा). डेव्ही आणि गायक वेन स्मिथ यांनी तो वॉटरहाउस वस्तीतील निर्माता किंग जॅमी याच्यापुढे रुजू केला. जॅमीने त्याची गती मंदावली आणि ‘स्लेंग टेंग’ सिद्ध झाला. टेनर सॉ, जॉनी ऑस्बर्न आदींनी त्यावर लगोलग गीते रचली, आणि वादकांच्या संचावाचून ठेका घडू शकतो हे कळताच अनेक वादकांची रोजी धोक्यात आली.

एकाच ठेक्यावर पुनःपुन्हा गाणी रचण्यात आळस आहे, असा आक्षेप घेतला जातो; मला तो मान्य नाही. ठेका समान असल्यामुळेच शब्दांची धार आणि आवाजाची फेक उघडी पडते, व दुबळ्या गायकास आडोसा उरत नाही. आक्षेपाला जागा आहे ती हिशेबात: १९९३ चा स्वामित्वहक्काचा कायदा येईपर्यंत मूळ वादकांच्या पदरी अनेकदा मुद्रणादिवशीच्या मजुरीपलीकडे काही पडत नसे.

याच वहिवाटीतल्या, निर्माता स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन याच्या टाळ्यांच्या ठेक्याचे नाव तर ‘दिवाळी’. १८४५ पासून गिरमिटिया मजुरांनी हा सण त्या बेटावर नेला होता. लंडनच्या ग्रीनस्लीव्ज संस्थेने २००२ मध्ये या ठेक्याचा संग्रह काढला, आणि मे २००३ मध्ये त्यावरचे गायक शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ अमेरिकेतील गीतक्रमवारीत अग्रस्थानी पोहोचले. जिज्ञासू वाचकाने हे गीत आणि त्याच ठेक्यावरचे वेन वंडरचे ‘नो लेटिंग गो’ पाठोपाठ ऐकावे, आणि आळसाच्या आरोपाचा निवाडा स्वतःच करावा.