गव्हाची अॅलर्जी, मुलांमधील

गव्हातील प्रथिनांना शरीराच्या प्रतिकारशक्तीने दिलेली चुकीची प्रतिक्रिया. धाराशिव जिल्ह्यातील अणदूर (ता. तुळजापूर) परिसरात रोजची भाकरी ज्वारीची, गहू बाळाच्या तोंडी अनेकदा बिस्किट, शेवया, खीर किंवा सणाच्या पोळीतून जातो. म्हणून त्रास झाला की आधी काय खाल्ले ते आठवावे.

लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात : अंगावर खाजऱ्या गांधी, ओठ वा पापण्या सुजणे, उलटी, पोटदुखी, खोकला. श्वास घरघरणे, आवाज बसणे, मूल निस्तेज होऊन कोसळणे ही जिवावरची अवस्था होय. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ दवडू नये. १०८ वर फोन करून दवाखाना गाठावा. मांडीत दिलेले अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपचार.

सिलिअॅक हा विकार वेगळा. त्यात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते. जुलाब, फुगलेले पोट, रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ महिनोन्‌महिने चालते. ते निव्वळ कुपोषण समजले जाण्याचा धोका मोठा आहे. त्याच्या रक्ततपासणीपूर्वी गहू बंद करू नये, निदान चुकते. मात्र गव्हाने तीव्र अॅलर्जी झाली असेल, तर गहू टाळून डॉक्टरांना विचारावे.

ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी चालतात. परंतु गिरणीत आधी गहू दळला असल्यास ज्वारीच्या पिठात तो मिसळतो. रवा, मैदा गव्हाचेच, आणि बांधानी हिंगातही अनेकदा गहू असतो. अनेक मुलांची ही अॅलर्जी शाळेच्या वयापर्यंत ओसरते. गहू पुन्हा सुरू करण्याची चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.