सतरा रेषांचा पट: गोठणगावपासून ल्हासापर्यंत

१/
गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात अर्जुनी मोरगाव तालुका आहे. नवेगाव बांधचे अरण्य, गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आणि प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा यांसाठी हा परिसर ओळखला जातो. याच तालुक्यात गोठणगावाजवळ धानाच्या बांध्यांच्या पलीकडे वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत प्रार्थनापताका दिसतात. ही नोर्ग्येलिंग वसाहत, महाराष्ट्रातील एकमेव तिबेटी वसाहत. या वसाहतीशी ज्याचे नाते आहे अशा एका प्राचीन खेळाचा हा इतिहास. 🧵

२/
मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला आणि चौदावे दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. आरंभीच्या वर्षांत त्यांपैकी अनेकांनी डोंगराळ भागात रस्ते बांधण्याची मजुरी केली. पुढे कर्नाटकातील बैलकुप्पे, आजच्या छत्तीसगडमधील मैनपाट अशा ठिकाणी शेतीवर आधारलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग वसले. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

३/
पठारावरच्या थंडीत वाढलेल्या माणसांनी विदर्भाच्या उन्हात धान लावायला शिकून घेतले. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकण्याचा व्यवसायही जोडीला आला. परंतु निर्वासितांबरोबर गाठोड्यात न मावणाऱ्या गोष्टीही येतात: लिपी, प्रार्थना, पंचांग, खाद्यपदार्थ आणि खेळ. तिबेटच्या अशा वारशात एक पटावरचा खेळ आहे. त्याचे नाव मिग-मांग, म्हणजे ‘पुष्कळ डोळे’.

४/
जग हा खेळ ‘गो’ या जपानी नावाने ओळखते. चीनमध्ये तो वेइची, म्हणजे वेढा घालण्याचा खेळ. कोरियात त्याला बादुक म्हणतात. चिनी परंपरेतील ‘झुओ झुआन’ या इतिहासग्रंथात इ.स.पू. ५४८ च्या वृत्तांतात त्याचा उल्लेख येतो. खडा हातात धरून निर्णय न घेणारा खेळाडू हरतो, मग राजकारणात चलबिचल करणाऱ्याचे काय होईल, असा तिथला आशय आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही हा खेळ दृष्टान्त देण्याइतका परिचित होता.

५/
हा खेळ नव्याने शिकणाऱ्याने बुद्धिबळ क्षणभर बाजूला ठेवावे आणि वाघबकरी आठवावी. देवळांच्या ओट्यांवर आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर कोरलेले तिचे पट महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसतात. बकरी वाघाला मारू शकत नाही. बकऱ्या सर्व बाजूंनी वाट अडवतात आणि वाघाला हलायला जागा उरली नाही की डाव जिंकतात. कोंडी करून जिंकण्याची ही कल्पना ज्याला उमगली, त्याने मिग-मांगचे दार अर्धे उघडलेच.

६/
नियम थोडे आहेत. पटावर उभ्या-आडव्या रेषा असतात. खडा चौकटीत ठेवायचा नाही, तर रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूवर ठेवायचा. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. दोघांनी आळीपाळीने एकेक खडा ठेवायचा. ठेवलेला खडा पुन्हा सरकत नाही. राजा नाही, वजीर नाही, फासेही नाहीत. सगळे खडे सारख्याच मोलाचे. त्यांचे सामर्थ्य ठरते ते शेजाऱ्यांवरून.

७/
प्रत्येक खड्याला रेषेवरून लागून असलेले मोकळे बिंदू हे त्याचे श्वास. पटाच्या मध्यभागी एकट्या खड्याला चार श्वास असतात, काठावर तीन आणि कोपऱ्यात दोनच. एकाच रंगाचे खडे रेषेने जोडले गेले की त्यांचा समूह होतो आणि श्वासही सामाईक होतात. प्रतिस्पर्ध्याने शेवटचा श्वास अडवला की खडा किंवा सबंध समूह पटावरून उचलला जातो. नवशिक्याची पहिली चूक बहुधा इथेच होते. शत्रूचे खडे उचलण्याच्या नादात आपले किती श्वास उरले, हे मोजायचे तो विसरतो.

८/
आता ‘पुष्कळ डोळे’ या नावाकडे वळू. समूहाने आपल्या पोटात चारी बाजूंनी वेढून राखलेली रिकामी जागा म्हणजे डोळा. एकच डोळा असेल तर शत्रू बाहेरून सगळे बिंदू व्यापतो, अखेरचा खडा त्या डोळ्यात टाकतो आणि समूह मरतो. दोन वेगवेगळे डोळे असतील तर मात्र ते शक्य होत नाही. एका चालीत एकच खडा ठेवता येतो आणि एक डोळा बुजवायला जावे तर दुसऱ्यातून श्वास चालूच राहतो. बाहेरून कितीही वेढा पडला तरी असा समूह जिवंत राहतो.

९/
आणखी एक पेच. कधी दोघांनाही एकमेकांचा एकेकच खडा पुन:पुन्हा उचलता येईल अशी स्थिती येते आणि डाव अनंतकाळ चालू शकतो. म्हणून लगेच उलटा खडा उचलून मागची स्थिती पुन्हा आणण्यास मनाई आहे. आधी पटावर दुसरीकडे एक चाल खेळावी लागते. या पेचाला जपानीत ‘को’ म्हणतात. नुकसान झाले तिथेच तत्काळ सूड घेऊ नये, आधी सबंध पटाकडे पाहावे, हा धडा खेळाडूला इथे नियमातूनच मिळतो.

१०/
दोघांनाही चाल करण्यात लाभ दिसेनासा झाला की डाव संपतो. ज्याच्या ताब्यात अधिक जागा, तो विजयी. नवशिक्याने आरंभ करावा तो नऊ गुणिले नऊ रेषांच्या लहान पटावर. तिथे डाव लवकर संपतो आणि चूक लगेच दिसते. पहिले पन्नास डाव लवकरात लवकर हरून घ्यावेत, असे या खेळाच्या जगात म्हणतात. हरण्याचे भय गेल्याशिवाय श्वास आणि डोळे दिसू लागत नाहीत.

११/
आतापर्यंतचे नियम बहुतेक सगळीकडे समान आहेत. इतिहास दडला आहे तो तिबेटी खेळाच्या वेगळेपणात.
• आजचा प्रमाण पट १९ रेषांचा, म्हणजे ३६१ बिंदूंचा. मिग-मांगचा पट १७ रेषांचा, म्हणजे २८९ बिंदूंचा.
• प्रमाण खेळात पट रिकामा असतो. तिबेटी पटावर आरंभीच काठापासून तिसऱ्या रेषेवर १२ खडे मांडलेले असतात, सहा काळे आणि सहा पांढरे.
• प्रमाण खेळात काळा आधी खेळतो, तिबेटात पांढरा.
• जिथून खडा उचलला गेला त्या बिंदूवर प्रतिस्पर्ध्याला लगेच खडा ठेवता येत नाही. हा ‘को’पेक्षाही कडक नियम.

१२/
हे भेद तिबेटी लोकांनी हौसेने केलेले फेरफार आहेत काय? पुरातत्त्व वेगळे उत्तर सुचवते. चीनच्या हेबेई प्रांतातील वांगदू येथे हान काळातील एका थडग्यात दगडी पट सापडला. थडग्याचा काळ इ.स. १८२ आणि पटावर रेषा १७. आन्यांग येथील इ.स. ५९५ च्या थडग्यात मिळालेला चिनी मातीचा पट मात्र १९ रेषांचा आहे. या दोन थडग्यांच्या दरम्यान केव्हातरी चीनचा पट वाढला. पुढेही बराच काळ चीनमध्ये पांढराच आधी खेळत असे आणि चार कोपऱ्यांत दोन काळे, दोन पांढरे खडे आधी मांडण्याची प्रथा होती.

१३/
तिबेटच्या बाजूचा पुरावाही जुना आहे. इ.स. ९४५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘थांग घराण्याचा जुना इतिहास’ या चिनी ग्रंथात तिबेटी लोकांच्या करमणुकींत वेइचीचा निर्देश आहे. ल्हासाच्या पूर्वेला ग्यामा येथे, सम्राट सोंगत्सेन गाम्पो याचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या परिसरात, १७ रेषांचा दगडी पट सापडला आहे. सोंगत्सेन गाम्पो सातव्या शतकातला. त्याचा विवाह इ.स. ६४१ मध्ये थांग दरबाराने पाठवलेल्या राजकन्या वेनचेंगशी झाला.

१४/
या पुराव्यांतून एक तर्क उभा राहतो. चीनमध्ये पट १९ रेषांचा होत असताना तिबेटात मात्र जुनाच १७ रेषांचा पट रुजला आणि टिकला. दोन्ही पट काही काळ सोबत वापरात असणे शक्य आहे, म्हणून खेळ नेमक्या कोणत्या वर्षी तिबेटात पोचला हे यावरून ठरवता येणार नाही. परंतु मिग-मांग हे खेळाचे जुने रूप आहे, हे म्हणणे बळकट होते.

१५/
केंद्रात गोष्टी बदलतात आणि काठावर त्या टिकतात, हे गोंदियाच्या वाचकाला नवे वाटू नये. झाडीबोलीत मराठीची काही जुनी रूपे शिल्लक आहेत, असे तिचे अभ्यासक मांडत आले आहेत. पुण्या-मुंबईच्या प्रमाण भाषेला जी रूपे ‘अशुद्ध’ वाटली, त्यांत कधीकधी भाषेचा जुना ठेवा असतो. प्रमाण पटाकडे पाहून मिग-मांगला ‘अपुरा गो’ म्हणणे ही त्याच जातीची चूक आहे.

१६/
विसाव्या शतकात प्रमाणीकरणाचा वेग वाढला. १९२४ मध्ये जपानमध्ये ‘निहोन कीइन’ ही संस्था स्थापन झाली. रिकाम्या पटावरून आरंभ करण्याची जपानी रीत चीनने स्वीकारली. कोरियात ‘सुनजांग बादुक’ नावाचा, आधी खडे मांडून खेळण्याचा प्रकार होता. तोही याच शतकात मागे पडला. तिबेटात तर खेळणारा समाजच विस्कटला. मिग-मांग मुख्यतः सरदार आणि अधिकारी यांच्या वर्तुळातला खेळ. १९५९ नंतर ते वर्तुळ मोडले. कोणी परागंदा झाले, कोणी मागे राहिले. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीने जुन्या चालीरीतींवरच घाला घातला.

१७/
मार्च २०१६ मध्ये सोल येथे ‘अल्फागो’ या संगणकप्रणालीने दक्षिण कोरियाचा श्रेष्ठ खेळाडू ली सेडोल याला चार विरुद्ध एक असे हरवले आणि ‘गो’ जगभर चर्चेत आला. त्याच वर्षी जानेवारीत १९ रेषांच्या पटावर किती नियमबद्ध स्थिती संभवतात याची अचूक मोजणी झाली. ती संख्या १७१ अंकी आहे. परंतु यंत्र शिकले ते रिकाम्या पटाचा, १९ रेषांचा खेळ. ज्या पटावर बारा खडे आधीपासून समोरासमोर उभे असतात, त्याचे डावपेच निराळे. तिथे शांतपणे कोपरे वाटून घ्यायला सवड नसते. पहिल्या चालीपासूनच दोन्ही बाजू एकमेकींना भिडलेल्या असतात.

१८/
इतिहासात खेळ जिवंत राहतो तोही दोन डोळ्यांवर. एक डोळा म्हणजे त्याची नोंद: पट, ग्रंथ, उत्खनन. दुसरा म्हणजे खेळणारी माणसे. वांगदूच्या थडग्यातील पटाला पहिला डोळा होता, दुसरा नव्हता. म्हणून तो वस्तुसंग्रहालयाच्या वाट्याला आला. मिग-मांगचा पहिला डोळा शाबूत आहे. दुसरा उघडा ठेवणे हे शिकणाऱ्यांच्या हाती आहे.

१९/
त्यासाठी खर्च काही नाही. एका मोठ्या पुठ्ठ्यावर पट्टीने १७ आडव्या आणि १७ उभ्या रेषा ओढाव्यात. काळ्या खड्यांच्या जागी चिंचोके चालतात आणि पांढऱ्यांसाठी नदीकाठचे गोटे. काठापासून तिसऱ्या रेषेवर, तिसऱ्या, सातव्या, अकराव्या आणि पंधराव्या बिंदूंवर बारा खडे मांडावेत, एक चिंचोका, एक गोटा असे आलटून पालटून. पांढऱ्याने पहिली चाल करावी. पहिला डाव बहुधा हरला जाईल. दुसरा मांडण्यापूर्वी, आपला समूह कोणत्या चालीला शेवटचा श्वास गमावून बसला, तेवढे दोघांनी मिळून शोधावे.