टांगा मिळाला, हाकणारा नाही : चाळीसगावचा मोडलेला पाय आणि रुग्णाचे 'समाधान'

शिंदखेडा तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही एक प्रश्न अनेकदा विचारला आहे. लकवा मारलेल्या बापाला, कापूस वेचून कंबर गेलेल्या मायला, हमाली करताना मणका दुखावलेल्या तरुणाला. "फिजिओथेरपीला जाऊन आलात, कसं वाटलं?" उत्तर ठरलेले असते : "बठ्ठं बरं शे, भाऊ." मग चहा होतो, बोलणे वाढते आणि खरी गोष्ट बाहेर येते. मशीन लावून शेक दिला, थोड्या वेळात उठवले. कुठे दुखते ते हात लावून पाहिले नाही. घरी करायच्या व्यायामाचा छापील कागद दिला आणि मायला वाचता येत नाही. तरीही "बरं शे".

मित्रहो, हे समाधान आहे की सवय? आमचे म्हणणे असे की ही सवय आहे, आणि तिला इतिहास आहे. तो इतिहास आपल्याच खानदेशात, एका मोडलेल्या पायाने लिहिला गेला आहे.

साल १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे आले होते. काम आटोपून मुंबईकडे जाताना ते चाळीसगावला उतरले. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करून ते परत चाळीसगावला आले. आपली माणसे हार घेऊन स्टेशनवर उभी होती. महारवाडा तिथून दोन मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे भरपूर. तरी बाबासाहेबांना तासभर ताटकळत ठेवले गेले. का, ते त्यांना कळेना.

शेवटी टांगा आला. दोनशे पावले जात नाही तोच तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीपुलावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत कोसळला. बाबासाहेब बेशुद्ध पडले. पायाचे हाड मोडले, कित्येक दिवस त्यांना हालता येईना.

खरे कारण नंतर समजले. एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या लोकांना बाबासाहेबांनी पायी यावे हे पटत नव्हते. म्हणून तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही शोधा. हाकायला बसलेला आपलाच माणूस, पण त्याला टांगा हाकता येत नव्हता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे सांगताना बाबासाहेब आपल्या लोकांनाही सोडत नाहीत. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोलाचा, हे ते विसरले, असे ते स्पष्ट लिहितात.

याच लेखनात त्यांनी काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. मोठ्या मिनतवारीने डॉक्टर आला, पण वस्तीबाहेर थांबला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला, आणि तो त्याच वाटेने परत गेला. डॉक्टरने दोन रुपये फी घेतली, निमोनियाचे निदानही केले. कागदावर पाहिले तर सेवा पूर्ण झाली होती. फक्त रुग्णाला हात लागला नव्हता. ती बाई मेली.

फिजिओथेरपी तर हातानेच होते. आखडलेला सांधा, गळालेला हात, मोडून जुळलेला पाय धरल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही. देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय मुंबईत केईएम रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास, पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभे राहिले. हाजीअलीची राष्ट्रीय पुनर्वसन संस्था १९५५ सालची. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना स्पर्श नाकारला, त्यांच्या देशात स्पर्शाचे हे शास्त्र आले. शास्त्र आले, पण पोहोचले कुठपर्यंत? बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी झाली, १९४८ ला कर्मचारी राज्य विमा कायदा आला. पण तो कारखान्याच्या कामगारापुरता. कापूस वेचणारी, मिरचीचे देठ खुडणारी आमची माय त्याच्या बाहेरच राहिली.

आता समाधानाकडे येऊ. ऑस्ट्रेलियातील संशोधक ज्युलिया हश आणि सहकाऱ्यांनी २०११ साली फिजिओथेरपीच्या रुग्णांच्या समाधानावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांनी ५ पैकी सुमारे ४.४ गुण दिले होते. महत्त्वाचे हे की समाधान ठरत होते ते थेरपिस्टचे वागणे, कौशल्य आणि समजावून सांगणे यावरून. दुखणे किती कमी झाले याचा संबंध फारसा दिसला नाही. म्हणजे रुग्णाला माणूस म्हणून वागवले की नाही, हाच कळीचा मुद्दा. तोच आपल्या लढ्याचाही मुद्दा आहे. पण तिथला आकडा इथे तसाच लावता येत नाही. ज्याने चांगली सेवा कधी पाहिलीच नाही, तो हाकलून दिले नाही यावरही समाधानी असतो. हक्काला उपकार समजणाऱ्याचे पाचपैकी पाच गुण म्हणजे व्यवस्थेला मिळालेले खोटे प्रमाणपत्र आहे.

कोणी म्हणेल, आज दवाखान्यात जात कोण विचारतो? आपलीच मुले-मुली फिजिओथेरपिस्ट झाली आहेत. खरे आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. प्रत्येक घाईमागे जातच आहे, असे आम्ही म्हणत नाही. एकटा थेरपिस्ट आणि बाहेर लांब रांग, तो तरी काय करणार? पण चाळीसगावलाही टांगा हाकणारा गुन्हेगार नव्हता. गुन्हेगार होती ती तडजोड : वस्तू देऊ, कुशल हात देणार नाही. आज मशीन येते, फलक लागतो, फीत कापली जाते. आपण कार्यकर्ते त्या फितीजवळ फोटो काढतो आणि टांगा मिळाल्याच्या आनंदात हाकणारा कोण हे विचारायचे विसरतो.

अंतराचाही विचार करा. शिंदखेडा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर, धुळे चाळीसगावच्या फाट्यावर. लकव्याच्या माणसाला धुळ्याला न्यायचे तर एसटी किंवा काळी-पिवळी. सोबत एक माणूस, म्हणजे दोन रोज बुडाले. फिजिओथेरपी एका खेपेत होत नाही. तिसऱ्या खेपेनंतर येणे बंद होते आणि नोंद होते, 'रुग्ण आला नाही'.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले, उचलून मंचकावर ठेवले. विनयपिटकात चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. त्यात औषधाची जाण आहे, तशीच घाणीची किळस नसणे आणि लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे हेही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी आजही पुरते.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. समाधानाचा फॉर्म दवाखान्यात भरून घेऊ नका, वस्तीत जाऊन विचारा. "बरं वाटलं का?" असे विचारू नका. पाच साधे प्रश्न विचारा : हात लावून तपासले का? तुमचे ऐकून घेतले का? व्यायाम करून दाखवला का? किती खेपा झाल्या आणि किती रोज बुडाले? पुन्हा जाल का, आणि नाही तर का? उत्तरे लिहून काढा, ग्रामसभेत आणि आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवा. दरवर्षी ३१ जुलैला आपण १९३७ च्या बाबासाहेबांच्या भेटीची आठवण म्हणून लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. येत्या ३१ जुलैला तिथे हारांबरोबर ही वहीही घेऊन येऊ.

टांगा मिळाला, आता हाकणारा कोण ते विचारू.

जय भीम!